बंद झालेला चौक

संध्याकाळी तुम्ही दोस्तांबरोबर कुठे जमता? कुणी मैदानात जमतात, कुणी गल्लीच्या कोपऱ्यावर, तर कुणी वाचनालयाच्या पायरीवर. तिथे गप्पा रंगतात, थट्टामस्करी होते, अडलेले गणितही सुटते. अशी जागा एके दिवशी कायमची बंद झाली तर? व्हिडिओ गेमच्या जगात असेच घडले. त्याची ही हकीकत.

जपानमधील क्योटो शहरात निन्टेंडो नावाची कंपनी आहे. १८८९ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा ती खेळायचे पत्ते तयार करीत असे. पुढे व्हिडिओ गेममुळे तिचे नाव जगभर झाले. सुप्रसिद्ध मारिओ हे तिचेच पात्र. २०१२ मध्ये या कंपनीने 'वी यू' हे खेळाचे यंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबरच खेळाडूंसाठी इंटरनेटवर एक भेटीची जागा उघडली. तिचे नाव 'मीव्हर्स'.

या यंत्रात प्रत्येक खेळाडू स्वतःसारखे दिसणारे एक छोटे पात्र तयार करी. त्याला 'मी' म्हणत. हा शब्द मराठी नाही. पण अर्थ किती जुळतो पाहा! यंत्र सुरू केले की पडद्यावर एक चौक दिसे. तिथे ही पात्रे गोळा होत आणि त्यांच्या डोक्यावर खेळाडूंनी लिहिलेले शब्द उमटत. खेळात कुणी अडला, तर दूरच्या देशातला एखादा अनोळखी खेळाडू त्याला वाट सांगे. अनेक जण पडद्यावर लेखणी फिरवून सुंदर चित्रे काढीत. जुलै २०१५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचे वयाच्या ५५ व्या वर्षी निधन झाले. तेव्हा शोकाकुल खेळाडूंनी चित्रे काढून याच ठिकाणी त्यांना निरोप दिला.

मार्च २०१७ मध्ये कंपनीचे 'स्विच' हे नवे यंत्र आले. त्यात मीव्हर्स नव्हते. अनेक खेळाडू आता गप्पांसाठी इतर समाजमाध्यमांकडे वळले आहेत, असे कारण कंपनीने दिले. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी जपानमध्ये मीव्हर्स बंद झाले. पाच वर्षांची ही महफिल उठली.

मग तिथल्या लिखाणाचे आणि चित्रांचे काय झाले? ज्यांनी मुदतीत अर्ज केला, त्यांना आपल्या नोंदी मिळण्याची सोय कंपनीने केली होती. शिवाय 'आर्काइव्ह टीम' या गटाच्या स्वयंसेवकांनी, कुणी सांगितले नसताना, शक्य तितक्या नोंदी उतरवून घेतल्या. अनोळखी मुलांची चित्रे जपण्यासाठी त्यांनी ही मेहनत घेतली.

मित्रांनो, यात कंपनीला दोष द्यावा का? जागा तिची होती, खर्चही तिचाच होता. पण ती चित्रे आणि ते शब्द खेळाडूंचे होते. भाड्याचे घर सोडताना आपण आपले सामान आठवणीने बरोबर घेतो. परक्याच्या जागी ठेवलेल्या लिखाणाची मात्र आपल्याला आठवण राहत नाही. ती जागा कायम राहील, असे आपण गृहीत धरतो.

तुम्हीही आज मोबाइलवर फोटो ठेवता, दोस्तांना मजकूर पाठवता. त्यातले जे मोलाचे वाटेल, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आवडलेला शेर, आजीने सांगितलेली गोष्ट, मित्राचे पत्र वहीत उतरवून घ्या. चौक बंद होतात. आठवणी मात्र आपण जपल्या, तरच राहतात.

स्वाध्याय

१. 'मीव्हर्स'मध्ये खेळाडू काय काय करीत?
२. मीव्हर्स बंद करण्याचे कोणते कारण कंपनीने दिले?
३. स्वयंसेवकांनी कोणते काम केले? ते तुम्हाला कसे वाटते?
४. तुमच्या आवडत्या भेटीच्या जागेविषयी पाच वाक्ये लिहा.