देशाची दौलत आणि घरची सुबत्ता

एका व्यापाऱ्याला दुसऱ्याची ऐपत जोखावयाची असली म्हणजे तो केवळ त्याची उलाढाल विचारीत नाही. उलाढाल मोठी आणि देणे त्याहून मोठे, अशा पेढ्या प्रत्येक बाजारपेठेत असतात. भांडवल कोणाचे, येणे किती, नफा कोणाच्या घरी जातो, हे पाहिल्यावाचून जाणता मनुष्य माल उधार देत नाही. परंतु देशांच्या श्रीमंतीची गोष्ट निघाली की आपण हे व्यापारी शहाणपण बाजूस ठेवतो आणि वर्तमानपत्रात छापलेल्या दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्यावरून अमुक देश पुढारलेला व अमुक मागासलेला असा निकाल देऊन मोकळे होतो. तो आकडा कसा बनतो आणि त्यात काय राहून जाते, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हिंदुस्थानचा हा हिशेब प्रथम मांडणारे गृहस्थ स्वतः व्यापारी होते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले; पुढे त्यांनी कापसाची स्वतंत्र पेढी काढली; १८७४ साली ते बडोदे संस्थानचे दिवाण होते. १८७६ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर त्यांनी जो निबंध वाचला, त्यातील रीत कोणाही अडत्याला समजण्याजोगी आहे. प्रत्येक प्रांतात लागवड किती, एकरी उतारा किती, बाजारभाव काय, ह्यांचा गुणाकार त्यांनी केला; बियाण्याची वजावट केली; मीठ, अफू, कोळसा आणि कारागिरी ह्यांची भर घातली. एकूण बेरीज ३४ कोटी पौंड झाली. ब्रिटिश मुलखाची वस्ती १७ कोटी धरता माणशी २ पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने वर्षाचे २० रुपये पडले.

ह्या वीस रुपयांचा बोलबाला फार झाला. माझ्या मते दादाभाईंचे खरे चातुर्य त्यापुढील पायरीत आहे. वीस रुपये पुष्कळ की थोडे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्यांनी सरकारच्याच कागदांतून तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा वार्षिक खर्च काढून शेजारी ठेवला. तो खर्च वीस रुपयांहून अधिक होता. मुंबई इलाख्यात तर दुपटीहून अधिक. गुन्हेगाराला सरकार जेवढे देते तेवढेही निरपराध रयतेच्या वाट्याला सरासरीने येत नाही, हे त्या एका तुलनेने सिद्ध झाले. शिवाय पिकते त्यातील किती भाग देशाबाहेर निघून जातो, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला तो निराळाच.

आज जगभर चालणारी उत्पन्नमोजणी पुष्कळ अंशी सायमन कुझनेट्स ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या कामावर उभी आहे. १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल ठेवला, आणि ह्या आकड्यावरून जनतेच्या कल्याणाचे अनुमान काढू नये असा इशाराही त्याच अहवालात दिला. आकडा सर्वांनी उचलला, इशारा मात्र तेथेच राहिला.

त्याचे फळ पाहावयाचे असेल तर आयर्लंडकडे पाहावे. २०१५ ह्या एका वर्षात त्या देशाचे उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने वाढल्याचे जाहीर झाले! शेते दुप्पट पिकली नव्हती, की नवे कारखाने रातोरात उभे राहिले नव्हते. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आदी हक्क कराच्या सोयीसाठी आयर्लंडच्या नावे वळविले होते. दुकान एकाचे आणि वही दुसऱ्याच्या ओटीवर, असा हा प्रकार. तेथील सांख्यिकी कार्यालयाला शेवटी अशा रकमा वगळून उत्पन्नाचा निराळा आकडा प्रसिद्ध करावा लागला. आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी ह्या छोट्या देशात १९९० नंतरच्या दशकात खनिज तेलाचे मोठे साठे हाती आले व दरडोई उत्पन्न भराभर चढले. आयुर्मान आणि शिक्षण मात्र त्या उत्पन्नाच्या मानाने फार मागे राहिले.

दुसरी अडचण चलनाची. डॉलरच्या भावाने रुपयाचा हिशेब केला तर आपण आहोत त्याहून गरीब दिसतो. कारण तो भाव ठरतो मुख्यतः समुद्रापार जाणाऱ्या मालाच्या व भांडवलाच्या व्यवहारावरून. न्हाव्याची मजुरी आणि खोलीचे भाडे जहाजात चढत नाही. म्हणून देशोदेशीच्या किमती गोळा करून चलनाची खरेदीशक्ती ठरविण्याचे काम १९६८ पासून सुरू झाले. २०१७ च्या मोजणीत बाजारात डॉलरला ६५.१२ रुपये पडत असताना खरेदीशक्तीच्या हिशेबाने अवघे २०.६५ रुपये पुरतात असे आढळले. अर्थात, परदेशातून यंत्र किंवा औषध मागविणाऱ्याला बाजारभावच मोजावा लागतो, हे आपल्या आयातदार बंधूंना सांगणे नको.

उत्पन्नाच्या जोडीला आयुष्य व विद्या ह्यांचेही खाते उघडावे, ह्या विचाराने १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक काढला. महबूब उल हक हे त्याचे प्रवर्तक. अमर्त्य सेन त्यांचे सहकारी. सारे एका आकड्यात कोंबणे सेन ह्यांना प्रथम रुचले नव्हते. परंतु एका आकड्याला हटवावयाचे तर दुसरा तितकाच सोपा आकडा हवा, असे हक ह्यांचे म्हणणे पडले. व्यवहार जाणणाऱ्याला हक ह्यांचेच म्हणणे पटेल. श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न अमेरिकेपुढे अगदी किरकोळ, पण सरासरी आयुर्मानात अंतर दोन-तीन वर्षांचेच. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा आहे.

किराणा व धान्याच्या व्यापाऱ्यांना मात्र ह्या सर्वांहून जवळचे एक माप आहे. कुटुंबाचे उत्पन्न वाढते तसा त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल ह्यांनी १८५७ साली मांडला. आपल्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा हिस्सा १९९९-२००० साली शेकडा ५९ होता, तो २०२२-२३ साली ४६ वर आला. शहरांत ४८ वरून ३९ वर. त्यातही नुसत्या तृणधान्याचा हिस्सा खेड्यांत २२ वरून सुमारे ५ वर उतरला. धान्याच्या दुकानात डबाबंद पदार्थांची फळी का लांबत चालली आहे, ह्याचे उत्तर पुष्कळसे येथे सापडेल.

एक रक्कम मात्र देशाच्या उत्पन्नात कोठेच जमा होत नाही. शेतकऱ्याने घरासाठी राखून ठेवलेली ज्वारी आंतरराष्ट्रीय नियमानुसार उत्पादनात धरतात; तिची भाकरी घरी भाजण्याचे श्रम धरीत नाहीत. तीच भाकरी खानावळीत भाजली तर धरतात. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे.