घरपोच मालाचा खरा खर्च

दुकानात विकलेली वस्तू घरी नेण्याचे श्रम गिऱ्हाईक स्वतः करते. ऑनलाइन बाजारपेठेत ते श्रम विक्रेत्याच्या माथी येतात. माल साठवणे, मागणी आल्यावर तो काढून खोक्यात भरणे, दूरच्या गावी पोचवणे आणि पसंत न पडल्यास परत आणणे या साऱ्या कामांचा खर्च मिळून पाठवणीखर्च होतो. भारतात फ्लिपकार्टने २००७ साली व अमेझॉनने २०१३ साली आपला व्यवसाय सुरू केला. तेव्हापासून लहान गावांतील कारागिरांनाही देशभरचे गिऱ्हाईक मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु पाठवणीखर्चाचा अंदाज चुकला, तर विक्री वाढत असतानाच भांडवल आटत जाते. म्हणून हा अंदाज कसा बांधावा, हे येथे पाहू.

खर्चाचे घटक

बाजारपेठ चालवणारी कंपनी विक्रेत्याकडून सामान्यतः दोन प्रकारची रक्कम घेते. पहिली म्हणजे विक्रीवरील दलाली. ती किमतीच्या टक्केवारीत असते व मालाच्या प्रकारानुसार बदलते. दुसरी म्हणजे वाहतुकीचा आकार. तो वजनावर आणि अंतरावर ठरतो. त्याच शहरात, जवळच्या प्रदेशात व देशाच्या दुसऱ्या टोकाला माल पाठवण्याचे दर निरनिराळे असतात. विक्रेत्याने कंपनीच्या गोदामात माल ठेवला, तर साठवणीचे भाडे आणि माल काढून बांधण्याची मजुरी यांची त्यात भर पडते. माल स्वतःकडेच ठेवल्यास हे भाडे वाचते. मात्र जागा, पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी आणि बांधणाऱ्याचा वेळ यांचा हिशेब विक्रेत्यालाच ठेवावा लागतो.

वजन आणि आकारमान

वाहतुकीचा आकार केवळ तराजूवरील वजनावर ठरत नाही. गाडीत जागा अडवणारा हलका मालही वाहतूकदाराला महाग पडतो. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास बहुधा ५,००० ने भागतात. येणाऱ्या संख्येला आकारमानी वजन म्हणतात व ते किलोग्रॅममध्ये धरतात. हे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक असेल, त्यावर आकारणी होते.

मुरादाबादची पितळी मूर्ती घ्या. ती ३ किलो वजनाची असून २५ × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात बसते, असे समजू. तिचे आकारमानी वजन २ किलो येते. म्हणून आकारणी प्रत्यक्ष ३ किलोंवर होईल. जयपूरच्या रजईची गोष्ट याच्या उलट आहे. हलकेपणा हा तिचा लौकिक. ती बांधल्यावर २ किलो भरली, पण खोके ५० × ४० × २० सेंटिमीटरचे असले, तर आकारमानी वजन ८ किलो होते. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक ती घेते, तो गुण वाहतुकीच्या हिशेबात विक्रेत्याच्या उपयोगी पडत नाही. तीच रजई दाबून घडी घालून ४५ × ३५ × १२ सेंटिमीटरच्या खोक्यात बसवली, तर आकारणीचे वजन ४ किलोंच्याही आत येते.

परत येणारा माल

अंदाज सर्वांत अधिक चुकतो तो परतीच्या मालाबाबत. माल हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ असल्याने काही गिऱ्हाइके दारातूनच खोके परत पाठवतात. काही माल उघडून पाहिल्यावर परत करतात. या फेऱ्यांचा खर्च अखेर गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या नगांवरच पडतो.

वर उल्लेखिलेल्या रजईचेच उदाहरण पुढे नेऊ. यातील आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. कर वगळून किंमत १,४०० रुपये, उत्पादनखर्च ८०० रुपये व दलाली २१० रुपये असल्यास पाठवणीपूर्वी ३९० रुपये उरतात. बांधणीस ४० व वाहतुकीस २२० रुपये लागतात. तेव्हा विक्रेता म्हणतो की, नगामागे २६० रुपये खर्च होऊन १३० रुपये सुटतील.

आता १०० मागण्यांचा हिशेब मांडू. त्यांपैकी २० नग परत आले, दलाली परत मिळाली व ५ नग पुन्हा विकण्याजोगे राहिले नाहीत, असे धरू.

बांधणी : ४,००० रुपये
जाण्याची वाहतूक : २२,००० रुपये
परतीची वाहतूक : ४,४०० रुपये
१५ नगांची पुन्हा बांधणी, प्रत्येकी २० रुपये : ३०० रुपये
खराब झालेले ५ नग : ४,००० रुपये
एकूण : ३४,७०० रुपये

ही रक्कम १०० ने नव्हे, तर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या ८० नगांनी भागली पाहिजे. तेव्हा नगामागे पाठवणीखर्च सुमारे ४३४ रुपये येतो आणि १३० रुपयांच्या नफ्याऐवजी ४४ रुपये तोटा होतो. लहान खोक्यामुळे वाहतूक १५० रुपयांवर आली, तर एकूण खर्च २६,३०० रुपये, म्हणजे नगामागे सुमारे ३२९ रुपये होतो व ६१ रुपये नफा उरतो. रजई तीच, किंमतही तीच. केवळ खोके बदलले.

कर आणि अडकलेला पैसा

कंपनीच्या सेवाशुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सर्वसाधारण पद्धतीने नोंदणी केलेल्या विक्रेत्यास त्याची वजावट मिळू शकते; नोंदणी नसलेल्याने तो खर्चातच धरावा. नोंदणीकृत विक्रेत्याच्या देय रकमेतून कंपनी वस्तू व सेवा कराच्या कायद्याखाली काही अंश कापून सरकारजमा करते. १० जुलै २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. ही रक्कम विक्रेत्याच्या खात्यावर जमा होत असल्याने तो खर्च नव्हे. तथापि ती हाती येईपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते.

यावरून नव्या विक्रेत्याने एक नियम पाळावा. किंमत ठरवण्यापूर्वी खोके मोजावे, दूरच्या अंतराचा दर पाहावा आणि परतीच्या मालाचे प्रमाण पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या वहीत नोंदवावे. पाठवलेल्या नगांची संख्या उलाढाल दाखवते. व्यवसाय तरेल की नाही, हे गिऱ्हाइकाच्या घरी राहिलेल्या नगांवरून ठरते.