दार्जीलिंगचा खटला आणि आपल्या औषधांची नावे

आपल्यापैकी काही औषधनिर्मात्यांची उत्पादने आज परदेशी जातात. तेथे एखाद्या परकीय कंपनीने आपल्याच नावावर हक्क सांगितला, तर दाद कोठे व कशी मागावी, हे समजण्यास दार्जीलिंग चहाचा खटला उपयुक्त आहे.

'डेल्टा लांजरी' या फ्रेंच कंपनीने २२ ऑक्टोबर २०१० रोजी 'दार्जीलिंग' शब्द असलेल्या चिन्हांच्या युरोपीय नोंदणीसाठी अर्ज केले. माल होता अंतर्वस्त्रांचा. भारताच्या टी बोर्डाने चहासाठी आधीच नोंदविलेल्या सामूहिक चिन्हाच्या आधारे विरोध केला. स्पेनमधील अलिकांते येथील कार्यालयाने व त्याच्या अपील मंडळाने तो फेटाळला. प्रकरण लक्झेंबर्गच्या सामान्य न्यायालयात गेले.

२ ऑक्टोबर २०१५ च्या निकालात दोन मुद्दे होते. चहा व वस्त्रे भिन्न असल्याने ग्राहकाची गल्लत होईल, हा मुद्दा टिकला नाही. मात्र नावाचा लौकिक असामान्य आहे असे गृहीत धरल्यावर, त्याच्या आकर्षणाचा अनुचित लाभ वस्त्रांना मिळेल काय, हे मंडळाने योग्य रीतीने तपासले नव्हते. म्हणून त्याचा निर्णय अंशतः रद्द झाला. २० सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायपीठाने उभयपक्षांची अपिले फेटाळली. सामूहिक चिन्हाचे मुख्य कार्य सभासदांचा माल इतरांपासून वेगळा ओळखविणे हे आहे, भौगोलिक उगम सांगणे नव्हे, असे त्याने स्पष्ट केले.

यातून आपण काय घ्यावे?

१) च्यवनप्राश, त्रिफळा ही ग्रंथोक्त नावे सर्वांची आहेत. हक्क हवा असेल तर स्वतःचे वेगळे नाव योजावे.

२) भारतातील नोंदणी भारतापुरतीच असते. ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमुळे येथूनच एका अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागता येते. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही. त्याचा उल्लेख स्वतंत्र करावा.

३) युरोपीय अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून विरोधास तीनच महिने मिळतात. मुदत टळल्यास पुढे नोंदणी रद्द करविण्याचा मार्ग उरतो. तो अधिक खर्चाचा आहे.

४) लौकिक केवळ सांगून चालत नाही. बिले, वेष्टने, जाहिराती तारखांसह जपाव्यात.

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, असे आपण रुग्णास सांगतो. नावाच्या बाबतीत ती चिकित्सा म्हणजे माल पाठविण्यापूर्वीची नोंदणी.