रोहिणीच्या पाण्याचा वाद आणि सिद्धार्थाचे स्वत्व

वसतिगृहात पहाटेच्या नळावर बादलीच्या पाळीवरून वाद झाला नाही, असा आठवडा विरळाच. भांडणाऱ्यांना विचारावे, तर प्रत्येक जण दुसऱ्याने काय केले तेवढेच सांगतो. आपल्याला नेमके काय हवे होते आणि आपण काय कदापि करणार नव्हतो, हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून शाक्य आणि कोलिय यांचा पाणीतंटा विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर दिला आहे. विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद झाला. दोषारोप झाल्यास क्रोध न करता, दोषी असल्यास कबूल करावे, निर्दोष असल्यास तसे सांगावे, हे सभासदाचे एक कर्तव्य त्याला तेव्हाच सांगितले गेले होते. पुढे आठव्या वर्षी रोहिणी नदीच्या पाण्यावरून दोन्हीकडचे लोक जखमी झाले आणि सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने तो नुसता धुडकावला नाही. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा, अशी उपसूचना त्याने मांडली. ती बहुमताने पडली.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागली. वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे, असा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने स्पष्ट नकार दिला. देहदंड अथवा देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार, जमिनीची जप्ती, ही शिक्षांची यादी त्याला ऐकवण्यात आली. त्याने संघाला दुरुत्तर केले नाही आणि आपला निर्णयही बदलला नाही. अपराध माझा आहे, कुटुंबाला त्याची झळ लावू नका, एवढेच त्याने मागितले. पुढे संघाची अडचण ओळखून परिव्रज्येचा मार्गही त्यानेच सुचवला. स्वतःची भूमिका ज्याला स्वच्छ दिसते, त्यालाच प्रतिपक्षाची अडचणही दिसू शकते, असे आमचे मत आहे. ज्याला ती दिसत नाही, तो बहुधा आवाज चढवतो किंवा मुकाट्याने मान तुकवतो.

धम्म तर आत्मा मानीत नाही, मग हे स्वत्व कोणते, असा प्रश्न वरच्या वर्गातील मुले हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. येथे आत्म्याचा संबंध नाही. स्वीकारलेले शील, त्याची मर्यादा आणि मनात उठणाऱ्या रागाची वेळीच झालेली ओळख, एवढाच त्याचा अर्थ.

कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. शाक्य व कोलिय यांच्यात समेट झाल्याची वार्ता परिव्राजकांनी सिद्धार्थापर्यंत आणली. आता घरी परतण्यास हरकत नव्हती. तथापि त्याने विचार केला की युद्ध हे कलहाचे एक रूप आहे. राजाराजांत, माता-पुत्रांत, भावाभावांत कलह चालूच आहे आणि वर्गावर्गांतील कलह तर नित्याचा आहे. त्यावर उपाय शोधण्यासाठी तो पुढे निघाला.