दोन धांवांच्या एंजिनाचीं द्वारें कागदावर कशीं पाहावीं

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्हीं एका जुन्या स्कूटरच्या सिलिंडरास कानस लावली. धूर बाहेर जाण्याचें द्वार उंच केल्यानें जोर वाढतो, एवढेंच ऐकीव ज्ञान होतें. खुटबावच्या सपाट रस्त्यावर गाडी खरोखर पळाली. यवतहून भुलेश्वराच्या चढावर मात्र तिचा दम तुटला. खरडलेलें लोखंड परत बसवितां येत नाहीं. आधीं चित्र काढलें असतें तर ही फजिती टळती.

साध्या दोन धांवांच्या एंजिनांत झडपा नसतात. दट्ट्याच वरखालीं सरकतांना भिंतींतील द्वारें उघडतो व झांकतो. गॅरेजवाले त्यांस पोर्ट म्हणतात. सिलिंडरच्या आंत कागद गुंडाळून पेन्सिल घासावी, म्हणजे द्वारांचा ठसा मिळतो. आकुर्डीस 1972 सालीं निघूं लागलेल्या जुन्या बजाज चेतकचें माप घेऊं : व्यास 57 मिलिमीटर, धांवही 57. जोडदांडा हिशेबापुरता 114 धरूं. दट्ट्या अगदीं वर असतां शून्य अंश. भुजा 110 अंश फिरतांच दट्ट्या 41.4 मिलिमीटर खालीं येतो, 120 अंशांस 45.5. दहा अंशांत चार मिलिमीटर! पण 170 पासून 180 पर्यंत अवघा एक-तृतीयांश मिलिमीटर. तळाशीं तो जणू थबकतो. पुस्तकांतील वर्तुळाकृतींत अंश दिसतात, हें थबकणें दिसत नाहीं. म्हणून ती आकृति आम्हांस अपुरी वाटते.

तेव्हां आलेखाच्या कागदावर आडवे अंश मांडा, उभें द्वाराचें उघडें क्षेत्र. धुराचें द्वार 110 अंशांस व ताज्या वायूचें 120 अंशांस उघडतें असें समजा. दोन टेकड्या उमटतील : एकीचा पायथा 140 अंशांचा, दुसरीचा त्याच्या पोटांत 120 अंशांचा. मिनिटास 5000 फेरे असतां हे 120 अंश म्हणजे सेकंदाचा 250 वा भाग! तेवढ्यांत सिलिंडर भरावयाचें.

द्वार रुंद केल्यास टेकडी उंच होते, पायथा तोच राहतो. (फार रुंद केल्यास दट्ट्याची रिंग अडकून मोडते, तें निराळें.) धुराच्या द्वाराची वरची कड एक मिलिमीटर चढविल्यास मात्र तें सुमारें सव्वादोन अंश आधीं उघडतें व तितकेंच उशिरां मिटतें. जाळाचा धक्का दट्ट्यास लवकर सोडतो, आणि वायु दाबण्यास उरलेली धांव तोकडी पडते. जलद गतींत वेळच थोडा, म्हणून हा पसारा तेथें उपयोगी. मंद गतींत, चढावर, तोच घात करतो. आम्हीं तीन मिलिमीटर खरडलें होतें : पायथा साडेतेरा अंशांनीं वाढला होता!

कोणाच्या घरीं फवारणीच्या पंपाचें मोडकें सिलिंडर असेल तर शाळेंत आणावें. ठसा मिळून काढूं.