दोन पीलच्या मधले दिवस : घरची काळजी कशी बदलायची?



आजचा विषय अभ्यासक्रमातला नाही, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हमखास निघणारा आहे. चेहऱ्यावरचा वांग, पिंपल्सचे डाग आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे केलं जाणारं केमिकल पील. पील करणं हे डॉक्टरांचं काम. पण दोन पीलच्या मधले दोन-चार आठवडे आपल्या हातात असतात. आजचा धडा त्या दिवसांचा.

आधी माझी चूक

मी करंजाड्यात राहते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांग आला. डॉक्टरांनी ग्लायकोलिक पील केलं. चौथ्या दिवशी हनुवटीजवळ पापुद्रे सुटायला लागले आणि दुसऱ्याच दिवशी पालकसभा! म्हटलं, असा चेहरा घेऊन कशी जाऊ? बेसन, हळद, लिंबू कालवलं आणि खसाखसा चोळलं. पापुद्रे गेले, पण आग झाली आणि काही दिवसांनी तिथे नवाच तपकिरी डाग उमटला. तो जायला चार महिने लागले.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅडम, मुलांना गुडघ्यावरची खपली काढू देता का?"

पीलमध्ये काय होतं?

ग्लायकोलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आम्ल दह्यात. पीलमध्ये अशी आम्लं मोजून-मापून, बरीच तीव्र वापरतात. त्यामुळे त्वचेचा वरचा थर सुटतो आणि खालून नवा येतो. हा नवा थर नाजूक असतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला जरा जरी दाह झाला, तरी ती जास्त रंगद्रव्य तयार करते. म्हणजे डाग घालवायला जावं आणि नवा डाग घेऊन यावं!

घरची काळजी कशी बदलायची?

*पहिले ५ ते ७ दिवस :* सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बस, एवढंच. स्क्रब, वाफ, लिंबू, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल, सगळं कपाटात. पापुद्रे ओढायचे नाहीत. चेहरा टॉवेलने पुसायचा नाही, टिपायचा. स्कूटीवर स्कार्फ बांधत असाल तर मऊ सुती आणि सैल बांधा.

*मधले दिवस :* पापुद्रे थांबले, आग थांबली की डॉक्टरांनी दिलेली क्रीम्स एकेक करून पुन्हा सुरू करा. दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोष कोणाचा हे कळणार कसं?

*पुढच्या पीलआधीचा आठवडा :* रेटिनॉल, स्क्रब, ब्लीच, चेहऱ्याचं वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद. नेमकं किती दिवस आधी, हे आपापल्या डॉक्टरांना विचारा. ओठांवर वारंवार जर येत असेल, गरोदर असाल किंवा पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

फोड आले, पू झाला, सूज वाढली किंवा आग थांबेचना, तर घरगुती उपाय नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आपल्या नोकरीतलं ऊन

परिपाठ, कवायत, सुट्टीतली देखरेख... आपण शिक्षक उन्हात किती उभे राहतो ते मोजा एकदा. किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतो, म्हणून वर्गातही सूट नाही. टोपी किंवा छत्री घ्यायला लाजू नका.

मेडिकलमधलं 'गोरं करणारं' मलम

पील महाग वाटलं की मैत्रीण एखाद्या ट्यूबचं नाव सांगते. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस वाढतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगीच नाही. आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

माझ्या वर्गातली एक चौथीतली मुलगी माझ्या टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही लावता ते मीपण लावू? मला सगळे काळी म्हणतात."

मी काय सांगणार? मी तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "माझ्या गालावर डाग होता, त्याचं औषध चाललंय. तुझा रंग हा डाग नाही. त्याला औषध लागत नाही."

पालकहो, पील हा उपचार आहे, गोरं व्हायचा मार्ग नाही. आपल्या ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. आणि आरशासमोर आपण स्वतःला काय बोलतो, तेही सांभाळा. मुलं फळ्यावरचं विसरतात, पण हे विसरत नाहीत.