लवंग तेल : गुणधर्म आणि त्वचेची ॲलर्जी

लवंगेच्या कळ्या, देठ व पाने यांपासून ऊर्ध्वपातनाने लवंग तेल काढतात. त्यातील प्रमुख घटक युजेनॉल असून कळ्यांच्या तेलात त्याचे प्रमाण साधारणतः 70 ते 90 टक्के असते. दातदुखी तात्पुरती शमते ती याच घटकामुळे, आणि त्वचेस अपाय होतो तोही याच्यामुळेच.

अपाय दोन प्रकारचा
• दाह : न मिसळलेले तेल लावताच आग होते, त्वचा वा हिरडी भाजू शकते.
• ॲलर्जी : काहींची प्रतिकारशक्ती युजेनॉलला शत्रू मानून लक्षात ठेवते. प्रथम काहीच जाणवत नाही. पुढील संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, पुरळ वा पाण्याचे फोड येतात. ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर टिकते. म्हणून ‘मागे त्रास झाला नव्हता’ ही सुरक्षिततेची खात्री नव्हे.

घ्यावयाची काळजी
• दोन चहाचे चमचे खोबरेल तेलात एका थेंबाहून अधिक मिसळू नये.
• जखम, इसब, डोळ्यांभोवतीची त्वचा आणि लहान बालके यांना लावू नये.
• पुरळ आल्यास साबण-पाण्याने धुवावे, वापर थांबवावा व त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.
• ॲलर्जी असल्यास दंतवैद्यांना अवश्य सांगावे. दातांत भरावयाच्या काही सिमेंटमध्ये युजेनॉल असते.
• बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. तेल गिळल्यास यकृतास गंभीर इजा होऊ शकते. उलटी करवू नये. 112 क्रमांकावर संपर्क साधून बालकास त्वरित रुग्णालयात न्यावे, बाटली सोबत ठेवावी.